माहेर तुटलेल्या लेकीचा संसार

दिवाळी आली की सासुरवाशिणीचे डोळे वाटेकडे लागतात. भाऊ मुळाला येईल, नाहीतर वडिलांचे चार ओळींचे पत्र तरी येईल, या आशेवर ती फराळाचे डबे भरीत असते. इंग्लंडात भाऊबीज नाही हे खरे. पण बापाच्या पत्राची वाट पाहणारी लेक तिथेही असते. अशाच एका लेकीची आणि तिच्या नवऱ्याची ही हकीकत. दोघेही कवी होते. दोघांनी परक्या देशात बिऱ्हाड थाटले नि पंधरा वर्षे सहली करीत, मित्रांकडे जात-येत, आल्यागेल्याचे स्वागत करीत काढली. त्यांच्या त्या हौशीमागे काय होते ते पाहू लागले म्हणजे मात्र ती नुसती हौस वाटत नाही.

एलिझाबेथ बॅरेटचा जन्म १८०६ चा. घरचा पैसा जमेकातल्या उसाच्या मळ्यांतला, म्हणजे गुलामांच्या घामाचा. आई लवकर गेली. पुढे पाठीवरचा लाडका भाऊ एडवर्ड १८४० साली टॉर्कीच्या समुद्रात बुडाला. हिच्याच हट्टाने तो तिथे राहिला होता. त्या दुःखाने आधीच अशक्त असलेली ही मुलगी लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील घरात एका खोलीत जाऊन पडली ती पडलीच. खिडक्या बंद, सोबतीला फ्लश नावाचा कुत्रा, झोपेसाठी अफूचा अर्क. तिच्या कवितांचे मात्र इंग्लंडभर नाव होत होते. वडिलांचा स्वभाव विचित्र! मुलांवर माया उदंड; पण आपल्या मुलामुलींपैकी कुणीही लग्न करता कामा नये हा दंडक. का, ते कुणाला धड कळले नाही. विचारायची प्राज्ञा कुणाची?

१८४५ च्या जानेवारीत तिला रॉबर्ट ब्राउनिंगचे पत्र आले. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान, आणि लोकांना फारसा न कळणारा कवी. वीस महिन्यांत दोघांची पाचशेच्या वर पत्रे झाली. १२ सप्टेंबर १८४६ रोजी विल्सन नावाच्या मोलकरणीला बरोबर घेऊन ती देवळात गेली. वाटेत घेरी येऊ लागली म्हणून औषधाच्या दुकानात थांबावे लागले. लग्न लागले, अन् अंगठी काढून ठेवून ती मुकाट्याने बापाच्या घरी परतली! आठ दिवसांनी ती, रॉबर्ट, विल्सन आणि फ्लश अशा चौघांनी खाडी ओलांडली. वाटेत फ्रान्समधल्या ओर्लियन्स गावी घरची पत्रे हाती पडली. वडिलांनी तिला टाकले होते. भाऊही रागावले. दोघी बहिणी तेवढ्या मायेने लिहीत राहिल्या.

पिसा शहरात हिवाळा काढून १८४७ च्या एप्रिलात दोघे फ्लॉरेन्सला आले. जी बाई एका खोलीतून दुसरीत जाताना कुणाचा तरी हात धरी, ती त्या जुलैत वालोंब्रोसाच्या डोंगरावर निघाली. रस्ता असा नव्हताच. दोन पांढऱ्या बैलांनी ओढायची एक बिनचाकी टोपली होती. तीत एलिझाबेथ, विल्सन नि सामान, आणि बाजूने घोड्यावर रॉबर्ट. आपल्याकडच्या घाटात बैलगाडीने हाडे खिळखिळी करून घेतलेल्यांना त्या प्रवासाची कल्पना येईल. दोन महिने मुक्काम करण्याचा बेत होता; पण वर मठ होता पुरुष संन्याशांचा. त्यांनी या बायकांना पाच दिवसांत वाटेला लावले. बाईला त्याचे वाईट वाटले. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की ती डोंगर चढून गेली होती आणि धडधाकट खाली आली होती. बापाच्या घरचे डॉक्टर हे खरे मानते ना!

फ्लॉरेन्समध्ये पिट्टी राजवाड्यासमोर कासा ग्विदी या जुन्या हवेलीतला एक मजला त्यांनी घेतला. पुढे तो बिनसामानाचा घेतला तेव्हा भाडे पडले वर्षाला पंचवीस गिनी. इटलीत स्वस्ताई होती म्हणूनच हा संसार चालला. रॉबर्टची मिळकत जवळजवळ शून्य. घर चाले ते एलिझाबेथला वारसाने मिळालेल्या रकमेच्या व्याजावर. ते पैसे कुठून आले हे ती विसरली नव्हती. पिसात असतानाच गुलामगिरीवरची एक जळजळीत कविता पुरी करून तिने अमेरिकेला धाडली होती.

१८४९ च्या मार्चमध्ये मुलगा झाला. त्याला पेन म्हणत. तो सहा महिन्यांचा झाला नाही तोच ही मंडळी बान्यी दी लुक्का या थंड हवेच्या गावाहून गाढवांवर बसून प्रातो फ्योरितो नावाच्या डोंगरमाथ्यावर वनभोजनाला गेली! नोकरदाराला रविवार उजाडायची वाट पाहावी लागते. रॉबर्टला नोकरीच नव्हती, तेव्हा रोजच रविवार. आम्हा मास्तरमंडळींना याचा हेवा वाटला तर तो क्षम्य आहे. त्याच उन्हाळ्यात, लग्नापूर्वी चोरून लिहिलेल्या प्रेमाच्या सुनीतांचे बाड तिने नवऱ्याच्या हाती ठेवले. तीन वर्षे त्याला पत्ता नव्हता.

१८५३ चा उन्हाळाही तिथेच गेला. शेजारी अमेरिकन शिल्पकार विल्यम वेटमोर स्टोरी, त्याची बायको एमेलिन आणि मुले उतरली होती. आज चहा यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. पुढे हिवाळ्यात ब्राउनिंग कुटुंब रोमला पोचले, तेव्हा स्टोरींनी यांच्यासाठी घेतलेल्या जागेत आधीच दिवे लावून शेगड्या पेटवून ठेवल्या होत्या. दमून आलेल्या पाहुण्याला उंबरठ्यावर दिवा दिसावा यापरते सुख कोणते? पण दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टोरींची मुलगी ईडिथ हिला यांच्याकडे पाठवण्यात आले. तिचा भाऊ जो आकडीत तळमळत होता. त्याच दिवशी तो गेला. मग ईडिथही आजारी पडली. तिला ब्राउनिंगांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर ठेवले. तिथे तिच्या उशाशी बसून कादंबरीकार थॅकरे आपली परीकथा एकेक प्रकरण करून वाचून दाखवी. हे थॅकरेसाहेब जन्मले कलकत्त्यात, बरे का. वसंतात तब्येती सुधारल्या, नि प्रसिद्ध नटी फॅनी केंबल नि तिच्या बहिणीबरोबर रोमबाहेरच्या माळरानावर सहली सुरू झाल्या. मूल पुरलेल्या त्या दफनभूमीची दहशत मात्र एलिझाबेथच्या मनातून लवकर गेली नाही.

इंग्लंडला ती अधूनमधून जाई. १८५१ साली लंडनमध्ये असताना तिने वडिलांना काकुळतीचे पत्र लिहिले. उत्तर रॉबर्टच्या नावे आले, कठोर शब्दांत. आणि सोबत लेकीने पाच वर्षांत धाडलेली पत्रे. एकाचीही मोहोर फोडलेली नव्हती. पुढच्या एका खेपेस लेक लंडनात आली आहे असे कळताच त्या गृहस्थाने बिऱ्हाडासह सगळ्या कुटुंबाला गावाबाहेर हलवले. १८५७ च्या एप्रिलात तो वारला. समेट झाला नाही. त्याच्या चारच महिने आधी जॉन केन्यन नावाचा दूरचा आप्त वारला होता. त्याने या दोघांना अकरा हजार पौंड ठेवले. बापाने काही ठेवले नाही.

आता कळेल, कासा ग्विदीत येणाऱ्या पाहुण्याचे एवढे अप्रूप का होते ते. लेखक हॉथॉर्न १८५८ मध्ये येऊन गेला. बेल्लोस्ग्वार्दोच्या टेकडीवर इसा ब्लॅग्डन ही लेखिका राही. तिची आई हिंदुस्थानी असल्याची त्या मंडळींत बोलवा होती. रॉबर्ट आठवड्यातून अनेकदा संध्याकाळी तिच्या गच्चीवर गप्पांना जाई. बाईसाहेब घरीच थांबत; रात्रीची हवा त्यांना सोसत नसे. १८५९ मध्ये चौऱ्याऐंशी वर्षांचा तापट कवी लँडर बायकामुलांशी भांडून रस्त्यावर आला, तेव्हा रॉबर्टने त्याची सोय लावली आणि देखभालीस नेमली त्याच विल्सनला. म्हातारबुवा जेवण नापसंत पडले की बशीसकट खिडकीबाहेर भिरकावीत! इंग्लंडातल्या बापाच्या घराचे दार बंद, आणि इथे परक्या म्हाताऱ्याचे रुसवे काढणे चालू होते.

२९ जून १८६१ रोजी पहाटे एलिझाबेथ कासा ग्विदीतच नवऱ्याच्या मिठीत गेली. पेनला इसाने आपल्या घरी नेले. रॉबर्टने दिवाणखाना होता तसा, खुर्च्या, पुस्तके, सारे काही, एका चित्रकाराकडून रंगवून घेतला आणि मगच सामान हलवले. महिन्याभराने मुलाला घेऊन त्याने फ्लॉरेन्स सोडले. इटलीत तो पुढे परत आला, १८८९ मध्ये व्हेनिस येथे वारलाही. पण फ्लॉरेन्सला त्याने पुन्हा पाऊल टाकले नाही. इसाला मात्र, १८७३ च्या जानेवारीत ती मरेपर्यंत, महिन्याच्या महिन्याला त्याचे पत्र जात असे.