नाममुद्रेचे काय झाले? : बशीर मोमीन कवठेकर आणि तमाशातील लेखकाचे चरित्र

मराठी वाङ्मयेतिहासाने शाहिराला कवी म्हणून मान्यता दिली ती पेशवाईच्या शाहिराला. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही नावे अभ्यासक्रमात स्थिरावली आणि म. वा. धोंडांच्या 'मऱ्हाटी लावणी'नंतर तर लावणीच्या वाङ्मयीन प्रतिष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण उरले नाही. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येऊन ही यादी जवळजवळ थांबते. पुढे पठ्ठे बापूराव येतात, पण त्यांच्यातही समीक्षकांना काव्यापेक्षा चरित्राचेच आकर्षण अधिक असते. रेठऱ्याचा एक कुलकर्णी तमाशात गेला आणि पवळेशी त्याचे नाव जोडले गेले, या कथेचे. त्यानंतर तमाशासाठी लिहिणारी माणसे 'लोककलावंत' या सरसकट वर्गात जमा होतात. तमाशातील लेखकाचा 'कवी'चा 'कलावंत' कसा झाला, हा प्रश्न शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर (१ मार्च १९४७ – १२ नोव्हेंबर २०२१) यांच्या निमित्ताने येथे उपस्थित करावयाचा आहे.

पेशवाईतील शाहिरांची नावे आपल्यापर्यंत पोचली ती चरित्रांमुळे नव्हे, नाममुद्रेमुळे. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो, बहुधा गुरूचे किंवा साथीदाराचेही. शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या संग्राहकांना कर्तृत्व ठरविण्यास हाच मुख्य आधार होता. शाळिग्राम आणि मुंबईतील इंग्रज सनदी अधिकारी हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला; १८९४ मध्ये अ‍ॅकवर्थने त्यांपैकी काहींची इंग्रजी भाषांतरे छापली. गाणे 'लोकां'चे असले तरी ते कोणी केले हे विचारता येते, अशी या संग्राहकांची धारणा होती, कारण गाणे स्वतःच उत्तर देत होते.

खुद्द इंग्लंडात मात्र त्याच सुमारास लोकगीतसंग्रहाची चळवळ वेगळ्या गृहीतकावर उभी राहिली. १९०३ मध्ये सॉमरसेटमधील हँब्रिज येथे एका माळ्याच्या तोंडून गाणे ऐकून सेसिल शार्पने संग्रहाला आरंभ केला. त्याच्या सिद्धान्तात लोकगीताचा कर्ता समूह होता, गायक केवळ वाहक. याला छेद दिला तो पर्सी ग्रेंजरने. १९०६ मध्ये फोनोग्राफ घेऊन तो लिंकनशायरमध्ये गेला आणि जोसेफ टेलर या वृद्ध गायकाचा आवाज त्याने मेणाच्या नळकांड्यांवर उतरविला. गायक प्रत्येक कडव्यात चाल किंचित बदलतो, आणि तो बदल स्मृतिदोष नसून त्याची कला आहे, असे ग्रेंजरने १९०८ मध्ये आग्रहाने मांडले. त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनीने टेलरच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या. तरीही टेलरकडून मिळालेल्या 'ब्रिग फेअर' या गाण्याची कीर्ती जगभर झाली ती डेलियसच्या वाद्यवृंदरचनेमुळे. गाणे पुढे गेले, गाणारा आपल्या गावीच राहिला.

आपल्याकडे नेमके उलटे घडले, हे ध्यानात घ्यायला हवे. तमाशात गाणाऱ्याचे नाव राहिले, लिहिणाऱ्याचे गेले.

या बदलामागे सौंदर्यविचारापेक्षा संस्थात्मक कारणे अधिक आहेत. 'मोहना-बटाव' हा उमाजी सावळजकरांचा वग १८६५ मधला मानला जातो. तेव्हापासून गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग असा ढोलकी-फडाचा क्रम स्थिर होत गेला. वगाचे कथासूत्र ठरलेले असे, संवाद पुष्कळ अंशी प्रयोगातच सुचत. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. ती उठली तेव्हा प्रयोगापूर्वी संहिता तपासून घेण्याची अट मागे राहिली. या अटीची चर्चा सामान्यतः श्लील-अश्लीलाच्या अंगाने होते. माझ्या मते तिचा अधिक दूरगामी परिणाम असा की, तमाशाला कागद लागू लागला. कागद आला म्हणजे लिहिणारा आला. फडाचा नायक, सोंगाड्या किंवा शाहीर यांच्याहून वेगळा, स्वतः बोर्डावर न उभा राहणारा, एकाच वेळी अनेक फडांना मजकूर पुरवणारा लेखक ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील निर्मिती आहे. मोमीन कवठेकर हे या वर्गाचे ठळक उदाहरण होय.

त्यांचे गाव घोडनदीच्या परिसरातले. शिरूरचेच जुने नाव घोडनदी. जवळच नारायणगाव, तेथे जत्रांच्या हंगामात फडमालक राहुट्या ठोकतात आणि गावोगावची मंडळी येऊन सुपारी देतात. कवठे येमाईलाही गंगाराम कवठेकरांच्या रूपाने तमाशाची परंपरा होती. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला तमाशा शोधीत जावे लागत नाही. मोमीनांनी गण, गवळण, लावणी, भारूड, पोवाडा, भक्तिगीत, वगनाट्य असे सर्व प्रकार हाताळले. 'भक्त कबीर', 'इश्कानं घेतला बळी', 'सुशीला, मला माफ कर' ही वगनाट्यांची नुसती शीर्षके पाहिली तरी पौराणिक-संतचरित्रात्मक आणि कौटुंबिक या दोन्ही मागण्या हा लेखक पुरवीत होता, हे स्पष्ट होते. हुंडा, व्यसन, निरक्षरता यांवरचे प्रबोधनपर लेखनही त्यांनी केले. त्यात प्रसंगाची गरज भागवण्यापलीकडे फार काही शोधू नये. दत्ता महाडिक पुणेकर, रघुवीर खेडकर, सुरेखा पुणेकर अशा निरनिराळ्या घडणीच्या कलावंतांपर्यंत त्यांची गाणी पोचली.

गणात गणेशाला आणि गवळणीत कृष्णाला आळवणारा, गावच्या येमाईची गाणी रचणारा हा कवी मुसलमान होता, याचे कौतुक वृत्तपत्री लेखनात हमखास होते. ते कौतुक परंपरेच्या विस्मरणातून येते. दौंडलगतच्या पुरंदर तालुक्यातील जेजुरीचा सगनभाऊ शिकलगार मुसलमान होता. बार्शीचे अमर शेख मूळचे मेहबूब पटेल. शाहिरीत हा अपवाद नव्हे, प्रघात आहे. अधिक लक्षणीय आहे ते 'भक्त कबीर'. कबीर विणकर, आणि मोमीन हे आडनाव महाराष्ट्रात विणकर समाजाशी जोडलेले. निवडीमागे हे भान होते असा दावा करण्याचे कारण नाही; पण एखाद्या नवकवीच्या बाबतीत अशा जुळणीवर आपण प्रबंध लिहिले असते.

नावाचा प्रश्न येथे अधिक गुंतागुंतीचा होतो. कवलापूरकर, शिरोलीकर, नारायणगावकर ही तमाशातील आडनावे म्हणजे फडाचा पत्ता. गावाचे नाव लावले की जात मागे सरते. विठाबाईंनी 'भाऊ मांग नारायणगावकर' असे संपूर्ण नाव लावले, तेव्हा तो संकेत मोडला गेला. 'मोमीन कवठेकर' या नावात समाज आणि गाव दोन्ही आहेत, पण फड नाही. लेखकाला फड नसतोच. फलकावर नाव फडमालकाचे, कर्ण्यावरून पुकारा गायिकेचा.

नाममुद्रा तरी उरावी. तिचेही भवितव्य प्रयोगप्रकारावर अवलंबून असते. शिरूरकडचा ढोलकी-फड आणि दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याची कला केंद्रे यांत अंतर फार नाही. परंतु त्या दोन वेगळ्या संस्था आहेत. चौफुल्याला संगीतबारी चालते. तेथे वग नाही. पार्ट्या पाळीपाळीने बैठकीत गातात-नाचतात, आणि काय गायचे हे पुष्कळदा समोरच्याची फर्माईश ठरवते. ध्रुपद पुन्हा पुन्हा घेतले जाते, दौलतजादा होते, सिनेमातले गाणे मागितले जाते, आणि शेवटचे कडवे गाठण्याआधीच लावणी सुटते. जेथे कवीचे नाव असते तेच कडवे गळते. फडात गाणे वगाच्या कथेत बसवलेले असल्याने ते पुरे होण्याची शक्यता अधिक. पण तेथे कथेतील पात्र गात असते, आणि पात्राच्या तोंडी कवीची मुद्रा शोभत नाही. म्हणजे एका ठिकाणी फर्माईश, दुसऱ्या ठिकाणी नाट्य, असे दोन्हीकडून नाव पुसले जाते. होनाजीच्या वेळी लावणी स्वतंत्र रचना होती. मोमीनांच्या वेळी ती प्रयोगाचा सुटा भाग झाली. हा फरक लेखकाच्या प्रतिभेचा नाही, आणि वाङ्मयेतिहासाने तो तसा मानणे ही पद्धतीची चूक आहे.

मौखिकतेच्या अभ्यासातून आलेला 'संहिता गौण, प्रयोग प्रमुख' हा विचार आपल्याकडे अलीकडे सर्रास मान्य होतो. त्याने गायिकेला न्याय मिळाला, हे मोठेच काम झाले. परंतु संहिता गौण ठरवताना तिचा कर्ताही गौण ठरला, हे आपण पुरेसे तपासलेले नाही. तमाशाच्या संहिता परवान्यासाठी लिहिल्या गेल्या, फडाच्या ट्रंकेत राहिल्या, आणि फड मोडले की वह्याही गेल्या. पाठचिकित्सेची जी साधने आपण महानुभाव पोथ्यांना लावतो ती या वह्यांना लावण्याचा विचारही आपल्या विभागांत होत नाही. त्यांत खोडलेला मजकूर, कलावंतानुसार बदललेले संवाद, एकच गाणे दोन फडांसाठी दोन प्रकारे असणे, हे सारे सापडण्याजोगे आहे. ग्रेंजरने नळकांड्यावर टिपलेला बदल गायकाचा होता. या वह्यांतला बदल दोघांचा असेल, आणि कोणता कोणाचा हे ठरविण्याचे काम समीक्षेचे आहे.

२०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार महाराष्ट्र शासनाने मोमीन कवठेकरांना दिला. गायिकेच्या नावाचा पुरस्कार लेखकाकडे आला, हे एका परीने योग्यच. त्यांनी 'कलावंतांच्या आठवणी' हे पुस्तक लिहिले आहे. ज्यांच्यासाठी आयुष्यभर गाणी रचली त्या मंडळींची चरित्रे नोंदवून ठेवण्याचे काम या लेखकाने स्वतः अंगावर घेतले. ते आपल्या विभागांच्या संदर्भयाद्यांत क्वचितच आढळते. पेशवाईनंतरच्या शाहिरीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला आरंभ तेथून करता येईल. आणि दुसरी पायरी म्हणजे घोडनदी ते भीमा या पट्ट्यातल्या ट्रंका उघडणे.