दोन संगणकांची बोली

अब्बा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतले कागद मी स्कॅन करून ठेवले. उर्दूतली पत्रे, मराठीतले लेख, जमिनीचे जुने उतारे. सगळे माझ्या विंडोजच्या संगणकात. मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स. दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली, पण फाइल द्यायची तर आम्ही पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत. एका रविवारी त्याने माझे फोल्डर शेअर केले, स्वतःच्या लॅपटॉपवर एक पत्ता टाकला आणि आजोबांचे अक्षर त्याच्या पडद्यावर उघडले.

"हे कसं झालं रे?"

"सांबा, अब्बू."

मला वाटले, थट्टा करतोय. मग या सांबाचा इतिहास शोधून वाचला.

संगणकांनी एकमेकांच्या फाइल वापरायच्या तर त्यांची बोली एक हवी. अशी एक बोली 1980च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी घडवली. तिचे नाव एसएमबी. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली, वाढवली आणि विंडोजची घरची भाषा झाली. पण तिचे पुरते व्याकरण बाहेरच्यांच्या हाती नव्हते.

1991च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाचा पीएचडीचा विद्यार्थी अडला होता. डेक कंपनीचे एक सॉफ्टवेअर त्याला आपल्या डॉसच्या पीसीवर चालवायचे होते. पण त्यासाठी नेटवर्कचे प्रोग्रॅमही डेकचेच लागत आणि ते फक्त डेकच्या सर्व्हरशी बोलत. त्याने तारेवरून जाणारे-येणारे संदेश टिपले, ताडून पाहिले आणि सनच्या यंत्राला तीच बोली बोलायला लावली. आपण एसएमबी शिकतोय हेही त्याला तेव्हा ठाऊक नव्हते. जानेवारी 1992 मध्ये तो प्रोग्रॅम त्याने लोकांना देऊन टाकला आणि विसरला. दोनेक वर्षांनी बायकोचा विंडोजचा संगणक आपल्या लिनक्सला जोडायची वेळ आली, तेव्हा जुना प्रोग्रॅम लावून पाहिला, तर चालला! म्हणजे सुरुवातीचा एक धागा घरातलाच, आमच्यासारखा.

नावाची गोष्टही मजेची. आधीच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला. मग त्याने संगणकातल्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात ब्राझीलचा नाच सापडला.

हे सगळे कसे केलेस, असे लोक विचारत. त्यावर ट्रिजेलने दिलेला दाखला मला फार आवडला. समजा तुम्ही फ्रान्समधल्या कॅफेत बसला आहात आणि फ्रेंचचा एक शब्द येत नाही. शेजारचा गिऱ्हाईक काय म्हणतो आणि वेटर काय आणून ठेवतो, ते पाहत राहायचे. मग स्वतः एखादा शब्द टाकून पाहायचा. आपल्यातले कितीतरी लोक बाजारात असेच मराठी शिकले.

ज्याची भाषा त्याला ती कुलूपबंद ठेवता येते का, हा वाद मात्र कोर्टात गेला. मार्च 2004 मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला 49.7 कोटी युरोंचा दंड केला आणि प्रतिस्पर्धी सर्व्हरांना लागणारी माहिती देण्याचा हुकूम दिला. मायक्रोसॉफ्ट अपिलात गेली. सांबाची माणसे आयोगाच्या बाजूने उभी राहिली. सप्टेंबर 2007 मध्ये अपील बहुतांशी फेटाळले गेले आणि त्याच डिसेंबरात 10,000 युरो मोजून सांबाला ती कागदपत्रे मिळाली. तारेवरचे ऐकून काम सुरू झाले, त्याला तोवर सोळा वर्षे झाली होती.

आणखी एक बारीक गोष्ट. 2003च्या सांबा 3.0 मध्ये युनिकोड आले. त्यामुळे फाइलचे नाव देवनागरीत असो की उर्दूत, दुसऱ्या यंत्रावर ते तसेच दिसू शकते. अब्बांच्या पत्रांना मी उर्दूतच नावे दिली आहेत. मुलाच्या पडद्यावर ती सगळी नीट उमटली. त्याने यादी खालीवर केली, एका नावावर थांबला.

"अब्बू, हे काय लिहिलंय?"

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.