आधी जागा, मग घर



गटाच्या बैठकीत सध्या घरकुलाचा विषय निघतोच. हप्ता कधी मिळेल, विटा-सिमेंटचा भाव काय, हे सगळं आपण बोलतो. घर कुठं बांधायचं, ते मात्र राहून जातं. म्हणून आज दोन गावांचा इतिहास सांगते. दोन्ही गावांवर घाला पडला तो ३० जुलैलाच.

पहिलं गाव आपल्या विदर्भातलं, नागपूर जिल्ह्यातलं मोवाड. वर्धा नदीच्या काठचं. १९९१ साली नदीला महापूर आला आणि पाणी गावात शिरलं. २०४ माणसं गेली. पुढं गावाचं पुनर्वसन करावं लागलं.

दुसरं गाव पुणे जिल्ह्यातलं माळीण, डोंगराच्या पायथ्याचं. २०१४ साली मुसळधार पावसात माती भिजून जड झाली आणि डोंगराचा कडा सकाळी गावावर आला. एस.टी.चा ड्रायव्हर नेहमीसारखा आला, तर गावच दिसेना. १५१ जण दगावले. वाचलेल्यांसाठी आमडे इथं नवं गाव वसवलं, एप्रिल २०१७ मध्ये घरं ताब्यात दिली. पण पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, भेगा पडल्या. म्हणजे नवी जागा शोधून भागत नाही. उतार कसा आहे, भराव किती घातला, पाणी कुठून निघेल, हेही पाहावं लागतं.

आपल्या चिचगडकडं एवढे मोठे डोंगर नाहीत. पण नाले आहेत, तलाव-बोड्या आहेत. जुन्या लोकांनी तलाव बांधले तेव्हा जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवला. तो आठ महिने कोरडा दिसतो, म्हणून मोकळी जागा समजून तिथं घर बांधलं, तर पाणी आपली वाट विसरत नाही.

तेव्हा पायव्याची लाईन आखण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, "मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" तिथं खूण करा. घर त्या खुणेच्या वर घ्या, जोतं उंच ठेवा, सांडपाण्याला वाट ठेवा. स्वतःची उंच जागा नसेल, तर सगळ्याजणी मिळून ग्रामसभेत मागा आणि ठरावात लिहून घ्या. एकटीचा आवाज दबतो, गटाचा दबत नाही.

घर एकदाच होतं, बायांनो. भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. जागा चुकली, तर भिंत कितीही पक्की असून उपयोग नाही.