निकोलस इफेक्ट

अवयवदानावर आपल्याकडे भाषणं भरपूर होतात. पण एका अख्ख्या देशाचं मत बदललं ते एका सात वर्षांच्या पोरामुळे. ही गोष्ट इटलीतली आहे.

२९ सप्टेंबर १९९४ ची रात्र. कॅलिफोर्नियातल्या बोडेगा बे गावचे रेग आणि मॅगी ग्रीन दक्षिण इटलीतल्या हायवेवरून सिसिलीकडे चालले होते. मागच्या सीटवर निकोलस आणि चार वर्षांची एलेनॉर गाढ झोपेत. एक गाडी शेजारी आली, आरडाओरडा झाला, गोळ्या सुटल्या. लुटारूंना वाटलं ही सोनाराच्या मालाची गाडी! रेगने गाडी सुसाट पळवली. पुढे एका अपघातापाशी पोलीस दिसले म्हणून थांबला, दार उघडलं, दिवा लागला, आणि तेव्हा कळलं की निकोलस झोपलेला नाहीये.

दोन दिवसांनी मेसिनाच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. अवयव द्यायचे का, हे मॅगीनेच हळू आवाजात विचारलं. सात इटालियन माणसांना ते मिळाले. हृदय मिळालेला मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो २०१७ पर्यंत जगला. यकृत मिळालेली एकोणीस वर्षांची मुलगी तेव्हा कोमात होती. पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला. त्याचं नाव निकोलस.

इटली हादरली. आपल्या मातीत पोर मारलं गेलं आणि त्याचे आईबाप शिव्याशाप न देता अवयव देऊन गेले! तेव्हा हा देश अवयवदानात युरोपात तळाला होता, पुढच्या दहा वर्षांत दात्यांचं प्रमाण तिपटीवर गेलं. आता आमच्या धंद्यात 'हे आधी, ते नंतर' म्हणजे कारण सापडलं असं कोणी मानत नाही. १९९९ च्या कायद्याने तिथे राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली, तिचाही वाटा मोठा. पण नुसत्या कायद्याने काय होतं ते आपल्याकडे बघा ना. आपला प्रत्यारोपण कायदाही १९९४ चाच, ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात आणि गोव्यात लागू. तीस वर्षं झाली, तरी देशात मृत्यूनंतरचे दाते दहा लाखांमागे एकाहूनही कमी.

माझ्या मते खरी ताकद होती ती चेहऱ्यांची. काही महिन्यांनी ग्रीन दांपत्य मेसिनाला परत गेलं आणि ज्यांना अवयव मिळाले त्यांना भेटलं. हाडामांसाची माणसं, त्यांच्या आया, नातेवाईक. रेगने पुढे कित्येकदा सांगितलंय, की दुःख कमी होत नाही, पण त्या भेटीने ते सोसायला बळ दिलं. इटलीतल्या लोकांनी बोडेगा बेला १४० घंटा पाठवल्या, त्यांचा मनोरा तिथे वाऱ्यावर वाजत असतो.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), त्याच १९९९ च्या कायद्याने डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना दात्याची वा रुग्णाची ओळख सांगायला बंदी केली. हेतू चांगलाच. कोणी पैसे मागू नये, कोणावर उपकाराचं ओझं नको. पण ज्या भेटीने देश हलला, ती आता इतर आईबापांना नाकारली गेली.

२०१६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, रेगने याविरुद्ध मोहीम काढली. मागणी साधी होती: दोन्ही बाजूंची इच्छा असेल तर भेटू द्या. २०१८ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय जैवनीती समितीने काही अटींसह त्याच्या बाजूने मत दिलं.