सेवेचा अधिकार आणि नेतृत्वाची वाटणी : गार्डन रीचच्या निमित्ताने एक तौलनिक विचार

आधुनिक सेवासंस्थांच्या इतिहासात १९०५ हे वर्ष लक्षणीय ठरते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस यांच्या पुढाकाराने रोटरी क्लबची पहिली बैठक झाली. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन' या नियतकालिकात रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. त्या कथेतील राज्याचा कारभार स्त्रिया पाहतात आणि पुरुष पडद्याआड राहतात. या तीन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु समाजाची सेवा कोणी करावी आणि त्या सेवेसंबंधीचे निर्णय कोणाच्या हाती असावेत, हा प्रश्न तिन्हींच्या मुळाशी आहे.

सेवासंस्थांच्या समावेशकतेचा विचार करताना बहुधा लाभार्थींची विविधता मोजली जाते. किती जातींच्या, धर्मांच्या, भाषांच्या लोकांपर्यंत संस्था पोहोचली, याचे आकडे अहवालांत येतात. अध्यक्षाच्या खुर्चीत आणि नियामक मंडळात कोण बसले, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला जातो. या दोन प्रश्नांमधील अंतराचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे. त्यासाठी कलकत्त्याच्या गार्डन रीच या भागाचा आधार घेतला आहे. सेव्य मानल्या गेलेल्या नाना समूहांची वस्ती आणि निर्णय घेणारी कार्यालये येथे एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी वसली, हे त्याचे कारण होय.

१. सेवा : कर्तव्य आणि मान

मराठीतील 'सेवा' या शब्दाला एक जुना संदर्भ आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात बडव्यांबरोबर पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे हे सात सेवाधारी होते. देवाला स्नान घालणे, दिवटी धरणे, चवरी ढाळणे ही त्यांची कामे. पण ही कामे म्हणजे वंशपरंपरागत हक्कही होते. येथे सेवा करणे हा मान होता आणि त्या मानाची वाटणी जन्मावर ठरलेली होती. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर मंदिर अस्पृश्यांना खुले झाले, म्हणजे दर्शनाचा अधिकार मिळाला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आले ते २०१४ मध्ये. दर्शन खुले होणे आणि सेवेचा अधिकार खुला होणे यांमध्ये सदुसष्ट वर्षे गेली.

ही दोन टप्प्यांची प्रक्रिया केवळ देवळापुरती मर्यादित नाही. आधुनिक सेवासंस्थांनी 'सेवा' हा शब्द स्वीकारला तेव्हा त्यातील मानाचा अंश सहजासहजी गळून पडला नाही. सेवा घेण्याचा अधिकार आधी मिळतो, सेवा करण्याचा आणि ती ठरविण्याचा अधिकार फार नंतर मिळतो, असा क्रम या संस्थांच्या इतिहासातही आढळतो.

२. गार्डन रीच : वस्ती आणि व्यवस्था

१८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाल्यावर नवाब वाजिद अली शाह कलकत्त्यास आले. १८८७ मधील मृत्यूपर्यंत गार्डन रीचमधील मटियाबुर्ज हे त्यांचे निवासस्थान होते. त्यांच्याबरोबर गायक, नर्तक, स्वयंपाकी, शिंपी असा मोठा परिवार आला आणि हुगळीकाठी एक उर्दूभाषक वस्ती उभी राहिली. मटियाबुर्जचा शिवणव्यवसाय आजही प्रसिद्ध आहे. पुढे १८९२ मध्ये शेजारच्या खिदिरपूरची गोदी सुरू झाली. ताग आणि कापूस यांच्या गिरण्या आल्या आणि बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा येथून मजूर आले. सागरापलीकडील वसाहतींकडे जाणाऱ्या करारबद्ध मजुरांना जहाजात चढविण्यापूर्वी ठेवण्याचे डेपोही याच परिसरात होते. १९२३ च्या कायद्याने गार्डन रीच कलकत्ता महापालिकेत समाविष्ट झाले, १९३२ मध्ये वेगळे झाले आणि १९८४ मध्ये पुन्हा महापालिकेत आले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या स्थळाचे आणखी एक महत्त्व आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीचे मुख्यालय गार्डन रीच येथे होते. १९५५ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालयही तेथेच राहिले. २००३ मध्ये बिलासपूर येथे स्वतंत्र विभाग होईपर्यंत नागपूर, इतवारी, गोंदिया येथील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोकरीविषयक बाबींचे वरिष्ठ कार्यालय गार्डन रीच हेच होते. विदर्भातील कित्येक कुटुंबांनी हे नाव केवळ पत्रव्यवहारातून ओळखले.

या रेल्वे-व्यवस्थेने करमणूक आणि कल्याण यांसाठी ज्या संस्था उभारल्या, त्यांची रचना बोलकी आहे. वसाहतकालीन रेल्वे वसाहतींत युरोपियन इन्स्टिट्यूट आणि इंडियन इन्स्टिट्यूट या संस्था वेगवेगळ्या असत; याच रेल्वेचे खरगपूर हे त्याचे ठळक उदाहरण होय. कल्याण दोन्हीकडे होते, परंतु एकत्र बसण्याची जागा नव्हती. कलकत्त्याचा रोटरी क्लब १९१९-२० मध्ये स्थापन झाला. त्याच्या तत्त्वप्रणालीने हा भेद वंशाच्या भाषेत मांडला नाही. प्रत्येक व्यवसायातून एक सभासद घ्यावा, हे रोटरीचे वर्गीकरण-तत्त्व. ते विविधतेचे तत्त्व होते यात शंका नाही. कारण एकाच धंद्याची मक्तेदारी त्याने टाळली. पण व्यवसायाचा प्रतिनिधी म्हणजे त्या व्यवसायातील मालक वा वरिष्ठ अधिकारी असे गृहीत धरले गेले होते. जहाजवाहतुकीचा प्रतिनिधी कंपनीचा व्यवस्थापक ठरे. गोदीतील हमाल हा त्याच जहाजवाहतुकीचा घटक असूनही प्रतिनिधी न होता सेवेचा विषय होई. विविधतेचे परिमाण निवडतानाच वगळण्याची रेषाही आखली जाते, हे येथे ध्यानात येते.

३. पुढारपणाचे दोन प्रकार

श्रमिकांसाठी 'क्लब' काढण्याचा प्रयोग बंगालमध्ये रोटरीच्या बराच आधी झाला होता. कलकत्त्याच्या उत्तरेस बरानगर येथे ब्राह्म सुधारक शशिपद बंद्योपाध्याय यांनी १८७० मध्ये 'वर्किंग मेन्स क्लब' स्थापन केला आणि १८७४ मध्ये 'भारत श्रमजीवी' हे मासिक सुरू केले. वाचन, बचत, मद्यपानापासून परावृत्ती हा त्यांचा कार्यक्रम होता. त्यांची तळमळ निःसंशय होती. तथापि चांगला कामगार कसा असावा, याची व्याख्या भद्रलोक सुधारकाने केलेली होती.

याच्याशी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कार्याची तुलना करता येते. सत्यशोधक परंपरेतील लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीत नोकरी केली होती. 'दीनबंधू'चे संपादन करताना त्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि त्यांच्या मागण्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवल्या. साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या त्या मागण्या होत. शशिपदांचा कार्यक्रम कामगाराच्या वर्तनापाशी सुरू होतो, तर लोखंड्यांचा त्याच्या दिवसाच्या तासांपाशी. सेवेचा विषय कोण ठरवतो यावर सेवेचे स्वरूप बदलते, हे या दोन नियतकालिकांच्या तुलनेतून स्पष्ट होते. लोखंडे हेही साक्षर, मध्यम स्तरातील पुढारी होते, हे येथे विसरता येत नाही. परंतु त्यांचे अंतर कमी होते.

४. प्रायश्चित्त आणि प्रतिनिधित्व

नेतृत्वाच्या वाटणीचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे अध्यक्ष नारायण चंदावरकर होते. १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्षपदही सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते. परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः आंबेडकर होते. मानाचे पद एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे, ही रचना सहकार्य नाकारत नव्हती. सूत्रे मात्र सोडत नव्हती.

पुणे करारानंतर १९३२ मध्ये हरिजन सेवक संघ स्थापन झाला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष आणि भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर सचिव झाले. गार्डन रीचमधील केशोराम कापड गिरणी बिर्ला घराण्याकडे होती. त्यामुळे राष्ट्रीय सेवेचे अध्यक्षपद आणि श्रमिक वस्तीतील मालकी एकाच घराण्यात कशी नांदत होती, हे या स्थळावरून दिसते. हा कोणा व्यक्तीच्या हेतूवरील आक्षेप नव्हे. तत्कालीन सेवाकार्याच्या आर्थिक घडणीचे ते वर्णन आहे.

आंबेडकरांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. नागरी हक्कांच्या लढ्याला अग्रक्रम द्यावा आणि कार्यकर्ते अस्पृश्य वर्गातूनच घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. महात्मा गांधींची भूमिका वेगळी होती. अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप आहे, संघ हा प्रायश्चित्ताचा मार्ग आहे. म्हणून त्याची व्यवस्था ऋणकोंच्या हाती असावी, धनकोंच्या नव्हे, असा त्या भूमिकेचा आशय होता. हा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या हलका नाही. त्यात सेवा करणाऱ्याचा अहंकार कमी करण्याची शक्ती आहे. परंतु कर्ज किती आहे आणि ते फिटले की नाही, हे ऋणकोनेच ठरवावयाचे असेल तर धनकोचा हक्क पुन्हा दात्याच्या सद्भावावर अवलंबून राहतो. आंबेडकरांनी संघाशी संबंध तोडला, त्यामागे हा विचार होता. पंढरपूरच्या दृष्टान्ताने सांगायचे तर दर्शन मिळत होते. सेवेचा अधिकार मिळत नव्हता.

५. कादंबरीतील संस्था

इतिहासात जी रचना क्वचितच साधली तिची कल्पना साहित्याने केली, हे तौलनिक अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटेल. रोकेया यांनी १९११ मध्ये कलकत्त्यात सखावत मेमोरियल ही मुलींची शाळा आणि १९१६ मध्ये अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम ही संस्था सुरू केली. त्या बंगालीत लिहीत, पण त्यांच्या शाळेचे माध्यम प्रारंभी उर्दू होते. कलकत्त्याच्या प्रतिष्ठित मुस्लिम घरांची भाषा उर्दू होती आणि मटियाबुर्जचा वारसाही त्याच भाषेचा होता. एकाच धर्माच्या समूहातही भाषेची विविधता नेतृत्वाला तडजोड करावयास लावते, हे रोकेया यांनी अनुभवले होते.

त्यांच्या 'पद्मराग' (१९२४) या कादंबरीतील तारिणी भवन ही एक सेवासंस्था आहे. दीनतारिणी या ब्राह्म विधवेने ती स्थापन केली आहे. तेथे हिंदू, मुस्लिम, ब्राह्म, ख्रिस्ती अशा स्त्रिया राहतात. आश्रयार्थ आलेली स्त्री तेथे शिक्षिका होते, परिचारिका होते, कामाची वाटेकरी होते. सेव्य आणि सेविका यांतील सीमा पुसणे हेच या संस्थेचे खरे वैशिष्ट्य होय.

मराठीत काशीबाई कानिटकर यांची 'पालखीचा गोंडा' (१९२८) ही कादंबरी अशीच स्त्रीसत्तेची कल्पना करते. तिची नायिका एका संस्थानाचा कारभार हाती घेते आणि स्त्रियांसाठी सुधारणा घडविते. दोन्ही कादंबऱ्यांत स्त्री सूत्रधार आहे. परंतु काशीबाईंच्या कादंबरीत सत्ता राजपदातून खाली येते, तर रोकेया यांच्या कादंबरीत ती आश्रितांच्या कामातून वर येते. संस्थानी मुलखाच्या शेजारी वाढलेल्या मराठी कल्पनेला राज्य दिसले आणि शाळा चालविणाऱ्या लेखिकेला संस्था दिसली, असा अन्वय लावता येतो.

६. समारोप

स्त्रियांच्या सभासदत्वाचा प्रश्न जागतिक सेवा-क्लबांत फार उशिरा सुटला. लायन्स संघटनेने १९८७ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुआर्ते क्लबच्या प्रकरणात रोटरीविरुद्ध निर्णय दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने आपला नियम बदलला. कलकत्त्याचे नितीशचंद्र लाहिरी १९६२-६३ मध्ये रोटरी इंटरनॅशनलचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले होते. पहिल्या स्त्री अध्यक्ष जेनिफर जोन्स यांची कारकीर्द २०२२-२३ मधील आहे. वंशाची सीमा ओलांडल्यानंतर लिंगभेदाची सीमा ओलांडण्यास साठ वर्षे लागली. एका प्रकारची समावेशकता दुसरीला आपोआप जन्म देत नाही, एवढे यावरून म्हणता येईल. रेल्वेच्या महिला कल्याण संघटनांत महाव्यवस्थापकांच्या पत्नीने अध्यक्षपद भूषविण्याची प्रथा आहे. तेथे स्त्रीनेतृत्व आहे, परंतु त्याचा आधार पतीच्या पदश्रेणीत आहे.

गार्डन रीचच्या रस्त्यावर मटियाबुर्जचा शिंपी, गोदीतील मजूर, रेल्वेतील लिपिक आणि कंपनीचा अधिकारी दीडशे वर्षांच्या कालपटात एकमेकांच्या शेजारी दिसतात. त्यांच्यातील विविधता कोणत्याही संस्थेने निर्माण केलेली नाही. ती तेथे होतीच. संस्थांना करावयाचे होते ते इतकेच, की त्या विविधतेला ठराव मांडण्याची, हिशोब विचारण्याची आणि अध्यक्ष बदलण्याची मुभा द्यावी. जेथे ही मुभा मिळाली तेथे सेवेचा विषयही बदलला. वर्तनसुधारणेच्या जागी कामाचे तास आले, दयेच्या जागी नागरी हक्क आले. म्हणून सेवासंस्थांचा इतिहास लिहिताना लाभार्थींच्या सूचीबरोबर कार्यकारिणीची सूचीही वाचली पाहिजे. त्या दोन सूचींत एकही नाव समान नसेल, तर संस्थेची सेवा कितीही मोठी असली तरी तिचे समावेशन अपुरे राहिले, असेच म्हणावे लागेल.