कल्याणच्या आनंदीबाई जोशी आणि स्त्रीशिक्षणातील आत्मविश्वासाचा प्रश्न

प्रास्ताविक

स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा केव्हा निघाली, पटावर किती मुली होत्या आणि पहिली पदवीधर कोण, या नोंदींवर प्रामुख्याने भर दिला जातो. मुलीच्या ठिकाणी जिज्ञासा, चारित्र्य आणि आत्मविश्वास कसा रुजतो, हा प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहतो. कल्याण येथे ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धाकातील शिक्षण

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पत्नीने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा आग्रह त्या काळी असाधारण होता. बदलीच्या गावोगावी त्यांनी हा अभ्यास चालू ठेवला. परंतु त्याला धाकाची व माराची जोड होती. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. अंतिम हेतू पाहता ती वागणूक योग्य ठरत असली, तरी बालमनावरील संभाव्य परिणामांचा विचार करता ती अयोग्यच होती, असा निवाडा त्यांनी दिला. विद्यार्थिनीनेच आपल्या शिक्षणपद्धतीचे केलेले हे परीक्षण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात मोलाचे मानावे लागेल.

स्वतःचे प्रयोजन

वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला. योग्य वैद्यकीय उपचारांचा अभाव त्यांनी स्वतः अनुभवला आणि येथून त्यांच्या शिक्षणाला स्वतःचे प्रयोजन लाभले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण केले. अमेरिकेस का जायचे, एकटीनेच का, परतल्यावर जातिबहिष्कार पडला तर काय, अशा लोकांच्या शंकांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. रस्त्याने जाताना झालेली कुचेष्टाही सांगितली. आपला धर्म व आचार सोडणार नाही, हेही निक्षून सांगितले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष चालू होते. आतापर्यंत इतरांनी त्यांच्याविषयी ठरविले होते. या सभेत त्या स्वतःच्या निर्णयाचे समर्थन स्वतः करीत होत्या. येथे आत्मविश्वास प्रथमच सार्वजनिक रूपात दिसतो.

पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेश मागताना लिहिलेल्या पत्रातही हाच सूर आहे. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य देणे, हे आपले उद्दिष्ट त्यांनी त्यात मांडले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांना देऊ करण्यात आले होते. परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

समारोप

या चरित्राचा अर्थ पुष्कळदा 'कर्तबगार पतीने घडविलेली पत्नी' असा लावला जातो. तो अपुरा आहे. पुस्तके गोपाळरावांनी हाती दिली, हे खरे. परंतु प्रयोजन आनंदीबाईंच्या दुःखातून आले आणि आत्मविश्वास स्वतः उत्तर देण्याच्या प्रसंगातून वाढला. धाकाने धडा पाठ होतो, प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र येत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वर्गांतून आज मुली मोठ्या संख्येने शिकत आहेत. वर्गात बसण्यासाठी त्यांना आनंदीबाईंइतकी किंमत मोजावी लागत नाही. तथापि, गुण मिळविणारी मुलगी शंका विचारते का, आपल्या विषयाची निवड ती स्वतः करते का आणि त्या निवडीचे समर्थन चारचौघांत करू शकते का, हे पाहण्याची जबाबदारी अध्यापकांवर आहे. अशी संधी आनंदीबाईंना त्यांच्या छोट्या आयुष्यात फार उशिरा मिळाली. आपल्या विद्यार्थिनींना ती पहिल्या वर्षापासून मिळू शकते.