विकत मिळणारा वाद्यवृंद

पडद्यावर घोडे दौडू लागतात आणि मागे साठ व्हायोलिने एकदम उसळतात. तिथे खरोखर साठ माणसे बसली होती, असे आज खात्रीने सांगता येत नाही. पुष्कळदा असतो एकच संगीतकार, एक संगणक आणि एक कीबोर्ड. वाद्यांचे सुटे स्वर आधीच ध्वनिमुद्रित करून त्या संगणकात भरलेले असतात. अशा संचाला सॅम्पल लायब्ररी म्हणतात. तिच्या कलामूल्याविषयी वाद पुष्कळ झाले. मला कुतूहल आहे ते तिच्या जमाखर्चाचे.

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या हॅरी चेंबरलिन यांनी प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा बसवलेले वाद्य बनवले. त्याच धर्तीवर १९६३मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी मेलोट्रॉन आणले. स्वर जेमतेम आठ सेकंद टिके, मग फीत मागे जाई. तेवढ्यानेही ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेला धडकी भरली. ती अवाजवी नव्हती, फक्त चाळीस वर्षे आधी भरली, इतकेच.

१९७९मध्ये सिडनीहून फेअरलाइट हे यंत्र आले. किंमत अठरा हजार पौंडांच्या आसपास. तेव्हा विकले जाई ते यंत्र. त्यातले आवाज म्हणजे वरकड. पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि आवाज हाच स्वतंत्र माल झाला. वेदर रिपोर्ट या गटाचे चेक बासवादक मिरोस्लाव्ह व्हितूश यांनी प्राग येथील द्वोर्झाक सभागृहात चेक फिलहार्मोनिकच्या वादकांकडून स्वर मुद्रित करून घेतले आणि १९९०च्या दशकात तो संच हजारो डॉलरना विकला. १९९८मध्ये गिगासॅम्पलर आला. त्यामुळे स्वर थेट हार्ड डिस्कवरून वाजू लागले आणि मेमरीची अडचण संपली.

ही संधी हेरली व्हिएन्नाच्या हर्ब टुकमांडल यांनी. ते स्वतः चेलोवादक, शिवाय कॅमेरामन. २०००च्या सुमारास त्यांनी व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी ही कंपनी काढली आणि केवळ सुटे स्वर टिपण्यासाठी शहराबाहेर ‘सायलेंट स्टेज’ नावाचा स्टुडिओ बांधला.

खर्च कुठे होतो हे इथे थोडे हिशेबाने पाहू. व्हायोलिनचे स्वर धरा पंचेचाळीस. खरा वादक एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा मधली जोडही वाजवतो; ती नसेल तर कान लगेच फसवणूक ओळखतो. प्रत्येक स्वरावरून वर बारा आणि खाली बारा उड्या धरल्या तर हजारावर जोडण्या झाल्या. त्या हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन वेळा. मग गज उडवून, तार छेडून, कंप देऊन आणि न देता. हे झाले एका वाद्याचे. या कंपनीच्या ‘सिंफॉनिक क्यूब’मध्ये साडेसात लाखांहून अधिक सॅम्पले होती. प्रत्येक तुकडा कुणीतरी ऐकून, कापून, नाव देऊन जागेवर ठेवलेला. वादकाचा एक दिवस म्हणजे संपादकांचे कित्येक दिवस.

सारा पैसा असा आधीच बुडवावा लागतो. त्यानंतर दुसरी प्रत काढायला खर्च जवळपास शून्य. पुस्तकाच्या धंद्याला निदान कागद लागतो. इथे तोही नाही. मात्र गिऱ्हाईक थोडे, आणि फुकट नक्कल करणारे अमाप. म्हणून डोंगल नावाची इलेक्ट्रॉनिक किल्ली आली, आणि अनेक कंपन्यांनी ‘विकत घेतलेला संच पुढे विकता येणार नाही’ अशी अटही घातली. जुन्या व्हायोलिनची किंमत चढते. या व्हायोलिनची दुसरी विक्रीच नाही.

शून्य खर्चाची प्रत किमतीलाही खाली ओढते. ईस्टवेस्टने मासिक वर्गणी सुरू केली. लंडनच्या स्पिटफायर ऑडिओने २०१९मध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा संच काढला आणि वर्षभरात त्याची छोटी आवृत्ती ४९ पौंडांना दिली. प्रश्नावली भरून थोडे दिवस थांबणाऱ्याला ती फुकट होती. शिकाऊ संगीतकार आज आला तर उद्या मोठा संच घेईल, हा त्यामागचा हिशेब.

वादकाचे काय? रूढ पद्धत एकरकमी मानधनाची. सही केली, पैसे घेतले, हात मोकळे. पण तोच हात पुढे वर्षानुवर्षे त्याच्याच कामाशी स्पर्धा करतो. स्पिटफायरने विक्रीतला वाटा वादकांना देण्याचे धोरण जाहीर केले. मला ही या धंद्यातली सर्वांत महत्त्वाची घडामोड वाटते, आवाजाच्या दर्जापेक्षाही.

मुंबईच्या स्टुडिओंत याची झळ वेगळ्या वाटेने पोहोचली. हिंदी चित्रपटसंगीताचे व्हायोलिनविभाग ज्यांच्यावर उभे होते त्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. सिंथेसायझर आणि सुट्या ट्रॅकांवरचे मुद्रण रुळले तशी ती बैठक विसाव्या शतकाअखेरीस मोडत गेली. त्यांचा आवाज सुट्या स्वरांनी विकत घेण्याची तसदीही कुणी घेतली नव्हती.

व्हिएन्नाच्या कंपनीने २०१३मध्ये रोझेनह्यूगेल इथला जुना चित्रपट-मुद्रणाचा हॉल ताब्यात घेतला आणि दुरुस्त करून २०१५मध्ये उघडला. १३० वादक मावतील एवढा तो मोठा आहे. तिथे सॅम्पले मुद्रित होतात. उरलेल्या दिवसांत तोच हॉल चित्रपटनिर्मात्यांना भाड्याने दिला जातो, जिवंत वाद्यवृंदासह.